पोर्टेबल कार लिफ्ट : उलवे परिसरातील घरगुती व ट्रॅकवरील वापर

पोर्टेबल कार लिफ्ट : मोटारगाडी जमिनीवरून उचलून धरणारे, पण स्वतः जमिनीत न रोवलेले आणि काम संपल्यावर भिंतीला टेकवून ठेवता येणारे यंत्र. गाडीसोबत मिळणारा कैची जॅक किंवा मेकॅनिकचा ट्रॉली जॅक गाडीचा एक कोपरा, फार तर एक टोक उचलतो. लिफ्ट संपूर्ण गाडी एकदम उचलते. अमेरिकेत हे यंत्र घरच्या गॅरेजात स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणाऱ्यांसाठी आणि शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्या हौशी चालकांसाठी तयार झाले. उलव्यात (ता. पनवेल, जि. रायगड) ते आणले की परिस्थिती बदलते. येथे गाडी आहे पण गॅरेज नाही. पायाखालची जमीन सोसायटीची आणि डोक्यावरची तुळई बिल्डरने ठरवलेल्या उंचीवर. त्यामुळे ‘पोर्टेबल’चा येथील अर्थ ‘मागे खूण न ठेवणारे’ असाच घ्यावा लागतो.

पूर्वपीठिका : द्रवाच्या दाबाने जड वस्तू उचलण्याचे तत्त्व पास्कालचे. त्यावर चालणाऱ्या हायड्रॉलिक दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामा याने इंग्लंडमध्ये 1795 साली घेतले आणि हाताने नेता येणारा हायड्रॉलिक जॅक रिचर्ड डजन याने अमेरिकेत 1851 साली आणला. मोटार वर उचलणारी पहिली हायड्रॉलिक लिफ्ट मेम्फिस येथील पीटर लुनाटी याची (1925). न्हाव्याच्या वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून त्याला ती सुचली, असे सांगतात. महाराष्ट्रात मात्र दीर्घकाळ उलटा मार्ग रुळला होता : गाडी वर न्यायची नाही, माणूस खाली उतरवायचा. एसटीच्या आगारात आजही बसखाली लांबट खड्डा असतो, त्याला ‘पिट’ म्हणतात. जुन्या पेट्रोल पंपावरचा सिमेंटचा उतरता ‘रॅम्प’ हा त्याचाच भाऊ. उलव्यात पिटचा विचारच करू नये. खाडीकाठची सखल, बरीचशी भरावाची जमीन आणि कोकणचा पाऊस पाहता असा खड्डा जूनमध्ये विहीर होईल.

प्रकार व रचना : घरगुती वापरात सर्वाधिक नाव झालेला प्रकार म्हणजे गाडीखाली दोन बाजूंना सरकवायच्या दोन सपाट चौकटी, कॅलिफोर्नियातील बेंडपॅक कंपनीचे ‘क्विकजॅक’ हे त्याचे परिचित उदाहरण. प्रत्येक चौकट मिटलेली असताना तिची जाडी साधारण 75 मिमी. वजन मॉडेलनुसार 35 ते 45 किलोच्या आसपास, म्हणजे गॅस सिलिंडर उचलणारा माणूस ती ओढू शकतो. दोन्ही चौकटींना एकाच पंपातून तेलाचे पाइप जातात. पंप घरच्या विजेवर किंवा 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. अमेरिकेतून कोणी नातेवाइकाने सामानात आणलेला 110 व्होल्टचा पंप येथील 230 व्होल्टच्या सॉकेटला लावू नये, हे वेगळे सांगायला नको. तरीही सांगितलेले बरे.

चौकट उघडते ती समांतरभुज चौकोनासारखी. ती उघडणारा दट्ट्या प्रत्येक चौकटीत बसवलेला असतो. 200 बार दाबाखाली 5 सेंमी व्यासाचा दट्ट्या सुमारे 4 टनांचा रेटा देतो, तेव्हा दीड टनाच्या गाडीला दोन दट्टे पुष्कळ वाटतात. पण चौकट पूर्ण मिटलेली असताना दट्ट्या जवळजवळ आडवा असतो आणि त्याच्या रेट्याचा अगदी थोडा भाग वरच्या दिशेने लागतो. म्हणून लिफ्टला सर्वांत जास्त कष्ट पहिल्या काही सेंटिमीटरला पडतात आणि पंपाचा आवाजही तेव्हाच बदलतो. याच रचनेमुळे गाडी सरळ वर न जाता कमानीत वर जाते, म्हणजे थोडी पुढे किंवा मागेही सरकते. पार्किंगच्या चौकोनात पुढे भिंत आणि मागे शेजाऱ्याचा बंपर असेल, तर ही गोष्ट आधीच लक्षात घ्यावी.

दुसरा प्रकार चाकांवर ढकलता येणाऱ्या कात्री लिफ्टचा. ती कमरेच्या वरपर्यंत उचलते, पण स्वतःच कित्येक मणांची असते आणि तिचा मधला सांगाडा नेमका गिअरबॉक्स व सायलेन्सरच्या खाली येतो. तिसरा, ‘मॅक्सजॅक्स’सारखा बुटक्या दोन खांबांचा. खांब हलवता येतात म्हणून त्यालाही पोर्टेबल म्हणतात, पण वापरताना ते काँक्रीटमध्ये बोल्टने घट्ट बसवावे लागतात. उलव्यात या तिसऱ्या प्रकाराला कायद्याची अडचण येते.

जागेचा प्रश्न : सिडकोने (स्थापना 1970) वसवलेल्या उलवे नोडमधील बहुतांश इमारतींत गाड्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवर उभ्या असलेल्या मोकळ्या तळमजल्यावर, किंवा पोडियमवर लागतात. स्थावर संपदा कायद्यानुसार (रेरा, 2016) गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती असलेली जागा. या व्याख्येने पाहिले तर उलव्यातल्या फार थोड्या गाड्यांना गॅरेज आहे. त्याआधी 31 ऑगस्ट 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, महाराष्ट्राच्या 1963 च्या फ्लॅटविषयक कायद्याखाली, स्टिल्टमधील पार्किंग हा स्वतंत्र ‘फ्लॅट’ नसून इमारतीचा सामाईक भाग असल्याचा आणि बिल्डरला तो वेगळा विकता येत नसल्याचा निर्णय दिला होता. सामाईक जागेत गाडी लावण्याचा हक्क मिळतो. ड्रिल घेऊन जमिनीत बोल्ट ठोकण्याचा मिळत नाही. म्हणूनच नुसती ठेवून उचलायची चौकट येथे जमते. तीसुद्धा सोसायटीच्या समितीला पत्र देऊन, रविवारी दुपारी, मुले खेळत नसताना वापरावी. शेजारच्यांची तक्रार लिफ्टबद्दल फारशी नसते, जमिनीवर पडलेल्या तेलाच्या डागाबद्दल असते.

उंचीचे गणित सोपे आहे, पण लोक ते लिफ्ट विकत घेतल्यावर करतात. स्टिल्टच्या तुळईखाली अनेकदा अडीच मीटरच्या आतबाहेरच उंची मिळते आणि फायर स्प्रिंकलरचे पाइप त्याहून खाली लोंबतात. स्विफ्टची उंची सुमारे 1.5 मीटर. सर्व्हिस सेंटरमधली दोन खांबांची लिफ्ट गाडी माणसाच्या डोक्यावर नेते. येथे ती घेतली तर टप तुळईला लागेल. चौकटीची लिफ्ट आपले टेकू जमिनीपासून सुमारे अर्धा मीटर नेते. पण गाडीची खालची कड मुळातच 20 सेंमीच्या आसपास वर असते, त्यामुळे गाडीची खरी वाढ 30 सेंमीच होते. उंच ग्राउंड क्लिअरन्सच्या भारतीय गाड्यांना या लिफ्टचा फायदा त्या मानाने कमी, हे जाहिरातीतील बुटक्या स्पोर्ट्‌स गाड्या पाहून ध्यानात येत नाही. शिवाय गाडी वर गेली की सस्पेन्शन सैल पडून चाके खाली लोंबतात. चाक काढायला, ब्रेक पॅड बदलायला, ऑईल चेंबरचा नट खोलायला एवढी उंची पुरते. खाली बसून काम करता येईल या आशेवर राहू नये, पाठीवरच झोपावे लागते. आणि गाडी वर असताना मागची डिकी उघडू नये. उघडी डिकी एरवीच दोन मीटरपर्यंत जाते, त्यात हे 30 सेंमी मिळाले की काच आणि स्प्रिंकलरचा पाइप यांची गाठ पडते.

वहाळ, गव्हाण, मोरावे, शेलघर अशा मूळ गावठाणांतील घरांना आणि साडेबारा टक्के योजनेतील (संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या) भूखंडांवर बांधलेल्या काही घरांना मात्र स्वतःचे अंगण आहे. ही योजना दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील 1984 च्या आंदोलनाचे फळ. तेथे डोक्यावर आकाश, त्यामुळे उंचीची चिंता नाही. चिंता असते ती जमिनीची.

जमीन : लिफ्टचे पुस्तक सपाट, भक्कम काँक्रीट मागते. उलव्यातील अनेक आवारांत मात्र मुरूम व वाळूवर बसवलेले पेव्हर ब्लॉक असतात. सव्वा टनाची गाडी चार जॅक स्टँडवर (गॅरेजच्या भाषेत घोडीवर) ठेवली, तर प्रत्येक घोडीच्या तळव्याएवढ्या जागेवर 300 किलोंहून अधिक भार येतो आणि पुढच्या बाजूला इंजिनामुळे आणखी जास्त. पावसाळ्यानंतर खालची वाळू वाहून गेलेली असेल, तर एखादा ब्लॉक हळूच कलतो. लिफ्टची लांब चौकट हाच भार अधिक जागेवर पसरते, म्हणून या बाबतीत ती घोडीपेक्षा सरस. तरीही दोन चौकटींपैकी एकीखालची जमीन दबली, तर गाडी आडवी तिरपी होते. उपाय जुनाच आहे : 18 मिमी प्लायवुडचे दोन लांब पट्टे चौकटींखाली अंथरणे, किंवा अंगणात तेवढ्यापुरता कोबा करून घेणे. पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतारही लेव्हल बाटली ठेवून तपासावा. डोळ्यांना सपाट दिसणारी जागा बहुधा सपाट नसते.

टेकू कोठे लावावा : स्विफ्ट, बलेनो, क्रेटा यांसारख्या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते, दरवाजाखालच्या पत्र्याच्या दुमडीवर, खाचा दिलेल्या चार ठिकाणी, त्या उचलायच्या असतात. या दुमडीवर सपाट रबर लावले तर ती वाकते आणि तेथून रंग उडून गंज धरतो. मधोमध चीर असलेला रबरी ठोकळा वापरावा. बोलेरो, थार, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांना खाली शिडीसारखी चॅसिस (मेकॅनिकच्या तोंडी ‘चासी’) असते. टेकू तिच्यावर यायला हवा आणि त्यासाठी उंच अडॅप्टर लागतात. फॉर्च्युनरचे वजन दोन टनांवर जाते. 5,000 पौंडांची, म्हणजे सुमारे 2,270 किलोंची, लिफ्ट कागदावर तिला पेलते, पण डिकीतले सामान आणि मागे बसवलेली गॅसची टाकी धरली की मोठे मॉडेल घेणेच शहाणपणाचे.

वापराची रीत : चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच पान्याने थोडे ढिले करावेत, गाडी वर गेल्यावर चाक मोकळे फिरते आणि पाना मारताना गाडी हलते. चौकटी सरकवून टेकू बसवावेत, गाडी दोन-तीन सेंमी उचलून थांबावे, चारही टेकू वाकून पाहावेत, बोनेटला हाताने हेलकावा द्यावा. मगच पूर्ण उचलावे. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त गाळली जाणारी : यांत्रिक कुलूप लागल्याची खात्री करून गाडी त्या कुलपावर खाली टेकवणे. तेलाच्या दाबावर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. पाइप फुटला, कपलिंग निसटले, सील गेले, तरी कुलपावरची गाडी जागची हलत नाही. दाबावरची गाडी मात्र खाली येते आणि माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. उतरवताना आधी किंचित वर उचलून दोन्ही बाजूंची कुलपे सोडावीत. एकीकडचे सुटले आणि दुसरीकडचे राहिले, तर गाडी कलंडू लागते. नव्या लिफ्टमधील हवा काढल्याशिवाय तिच्यावर गाडी ठेवू नये. पाइपात हवा असलेली लिफ्ट धक्के देत आणि दोन बाजूंनी असमान चढते.

समुद्राची खारी हवा हा येथील आणखी एक शत्रू. दट्ट्याच्या चकचकीत दांड्यावर गंजाचा एक ठिपका पडला की तो सील कापतो आणि तेल पाझरू लागते. लिफ्ट मिटवून ठेवली की दांडा सिलिंडरमध्ये झाकला जातो, म्हणून ती मिटवूनच ठेवावी आणि पावसाळ्यात बिजागऱ्यांना ग्रीस लावावे.

काढलेले इंजिन ऑईल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. एका हॅचबॅकमधून निघणारे तीन-साडेतीन लिटर काळे तेल गटारात ओतले, तर ते थेट पनवेल खाडीच्या कांदळवनात जाते. कॅनमध्ये भरून ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांपर्यंत जाईल, अशा गॅरेजला द्यावे.

ट्रॅकवर : उलव्याहून ट्रॅकवर जाणे म्हणजे मोठा प्रवास. कोईम्बतूरची कारी मोटर स्पीडवे (2.1 किमी), चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅक (3.7 किमी) आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट (5.125 किमी, 2011) ही सर्व हजार किलोमीटरच्या पलीकडे. जवळची मौज म्हणजे लोणावळ्यापलीकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणारी ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीतच सुरू होत असल्याने ती सकाळच्या प्रवासात गाठता येते. पण सरळ रेषेत काही सेकंद धावणाऱ्या गाडीला लिफ्ट क्वचितच लागते. लिफ्टचा खरा उपयोग सर्किटवर. तेथे गाडी वीस मिनिटे धावते, तासभर विसावते आणि त्या तासात चारही टायर बदलायचे, पॅडची जाडी पाहायची, ब्रेकचे तेल उकळले असेल तर त्यातली हवा काढायची असते. ट्रॉली जॅकने एकेक टोक उचलत बसण्यापेक्षा अर्ध्या मिनिटात सगळी गाडी वर घेणे येथे फार सोयीचे पडते. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्यांच्या आवारात) विजेचा भरवसा नसतो, म्हणून 12 व्होल्टचा पंप न्यावा. चेन्नईच्या उन्हात डांबर मऊ पडते आणि घोडीचे पाय त्यात रुततात. प्लायवुडचे पट्टे येथेही लागतात. तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढू नये, त्यामुळे गाडी उचलण्यापूर्वी चाकांना ओटी (अडसर) लावावी. दोन चौकटी, पंप आणि पाइप मिळून वजन शंभर किलोंच्या घरात जाते व चौकटीची लांबी हॅचबॅकच्या डिकीत मावत नाही, म्हणून मागची सीट पाडावी लागते किंवा बरोबर दुसरी गाडी न्यावी लागते.

व्यावसायिक शर्यतीत ही लिफ्ट दिसत नाही. ले मांससारख्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींतील गाड्यांच्या पोटातच हवेवर चालणारे जॅक असतात. नळी लावली की गाडी आपोआप उभी राहते. फॉर्म्युला वनमध्ये पुढून-मागून दोन माणसे तरफेच्या जॅकने गाडी उचलतात. 2023 साली कतारमध्ये मॅक्लारेनच्या चमूने चारही चाके 1.80 सेकंदांत बदलली. कार्टिंगमध्ये तर जॅकही लागत नाही. दोघे पुढून-मागून धरून कार्ट उचलतात आणि कमरेएवढ्या चाकांच्या स्टँडवर ठेवतात.