निर्माता तोच साह्यकर्ता

आपल्या सिनेगॉगच्या वर्धापनदिनानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. इमारत कशी उभी राहिली, वर्गणी कोणी जमवली, सेफेर तोरा कोठून आणले, याची नोंद अशा वेळी व्हायलाच हवी. पण आपण बेने इस्राएल लोक जेथे जेथे गेलो, तेथे संकटकाळी कोणाच्या भरवशावर उभे राहिलो, याचाही थोडा इतिहास मुला-नातवंडांसाठी लिहून ठेवावा असे आम्हांस वाटते.

हा इतिहास मुळी भयाच्या घटकेपासूनच सुरू होतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी आपली परंपरा आहे. जवळचे ग्रंथ समुद्राने गिळले. जे बुडाले त्यांना नवगावीच मूठमाती मिळाली. तेथे त्यांचे स्मारक आहे. मागे उरले ते शब्बाथ, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ओठांवरचे 'शेमा'. तेल गाळणारे आपले वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यापाशी ना ग्रंथ होता ना सिनेगॉग. पण सहा दिवसांत सृष्टी निर्माण करून परमेश्वराने सातव्या दिवशी विसावा घेतला, याची साक्ष तो थांबलेला घाणा दर आठवड्याला देत होता.

पुढे अठराव्या शतकात आपले अनेक तरुण मुंबईला जाऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत भरती झाले. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, हे त्यांतलेच एक. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०–८४) ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कैद्यांची जात विचारली तेव्हा त्यांनी 'बेने इस्राएल' असे सांगितले. हे नाव कुराणात आहे हे टिपूच्या आईला ठाऊक होते आणि तिच्या शब्दामुळे त्यांचे प्राण वाचले, असे आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सुटका झाली तर मुंबईत परमेश्वराचे मंदिर बांधीन, असा त्यांचा नवस होता. तो त्यांनी १७९६ मध्ये फेडला. मुंबईतील हे पहिले सिनेगॉग. त्याचे नाव 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे द्वार. आपले लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. सेफेर तोरा मिळवण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि तेथेच १७९७ मध्ये त्यांचे देहावसान झाले. स्वतः बांधलेल्या सिनेगॉगमध्ये त्यांना जेमतेम वर्षभर प्रार्थना करता आली.

नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा, असे काहीजण म्हणतात. दिवेकरांचे उदाहरण पाहिले तर ते पटत नाही. त्या युद्धातले कितीतरी कैदी घरी परतले नाहीत. त्यांच्या भक्तीत उणेपणा होता असे कोण म्हणेल? भरवसा ठेवला की संकट टळतेच, असा हिशोब आपल्या वाडवडिलांनी मांडला नाही. मनुष्याच्या हाती काही उरत नाही तेव्हाही ज्याने हे सारे निर्माण केले त्याच्या हातून आपण निसटलेलो नाही, एवढेच त्यांनी धरून ठेवले. आणि भयाच्या रात्री एकट्याने जे मागितले, त्याची फेड त्यांनी सर्वांसाठी केली. दिवेकरांनी प्राण मागितले स्वतःचे. दार उघडले ते सर्व समाजासाठी.

हीच गोष्ट आपल्या मलिद्यात आहे. आजारपण सरले, मूल झाले, लेक परदेशाहून सुखरूप परतली, की घरोघरी मलिदा होतो. नवस बोलताना आपण एलियाहू हन्नाबीचे नाव घेतो, कारण तो परमेश्वराचा दूत. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण आहे अशी आपली श्रद्धा आहे. पण फेडताना काय करतो? गोड पोहे, खोबरे, खजूर, केळी आणि सुवासिक सब्जा ताटात मांडतो आणि एकेकावर बेराखा म्हणतो. झाडाचे फळ निर्माण करणारा, भूमीचे पीक निर्माण करणारा, सुगंध निर्माण करणारा, असे प्रत्येक वेळी त्याच एकाला आठवतो. मागणे असते साह्यकर्त्याकडे, आभार मानतो निर्मात्याचे. तेहिलीमच्या १२१व्या स्तोत्रातही हे दोघे एकच आहेत. आपल्या आयांनी तेच ताटात वाढून दाखवले.

इस्राएलात आल्यावर या शिकवणीची परीक्षा झाली. १८ जानेवारी १९९१ च्या पहाटे इराकची पहिली क्षेपणास्त्रे येथे पडली. दारे-खिडक्या प्लास्टिक व चिकटपट्टीने बंद करून, तोंडावर मुखवटे चढवून आपण घराच्या एका खोलीत बसत होतो. त्याच दिवसांत, ३० जानेवारीला, तू बिश्वात आला, म्हणजे आपला एलियाहू हन्नाबीचा उरूस. ज्यांना जमले त्यांनी भोंग्यांच्या मधल्या वेळात घरीच मलिद्याचे ताट मांडले. पुढे २८ फेब्रुवारीला युद्ध थांबले, तो दिवस पुरीमचा, आपल्या म्हाताऱ्यांच्या बोलीतला 'होळीचा सण'. ऑक्टोबर २०२३ नंतर आणि जून २०२५ मध्ये, बीरशेब्याच्या सोरोका रुग्णालयावरही क्षेपणास्त्र पडले तेव्हा, नातवंडांना जवळ घेऊन आपण पुन्हा ममादमध्ये बसलो. भीती वाटली नाही असे कोणीही म्हणू नये. भोंगा वाजला की आत जावे, दार लावावे आणि तेहिलीम म्हणावे. यांतले एक केले म्हणून दुसरे सोडायचे नसते.

जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, कारण तेव्हा आपल्या लोकांना हिब्रूचा अर्थ कळत नव्हता. आज उलटे झाले आहे. नातवंडे तेहिलीम घडाघडा वाचतात, पण आजीने कोणता नवस केला होता हे त्यांना ठाऊक नसते. तो आपण सांगितला नाही तर आपल्याबरोबरच जाईल. तेव्हा पुढच्या मलिद्याच्या वेळी ताटातील फळांबरोबर त्यांना ही हकिगतही द्यावी, एवढीच वडीलधाऱ्या मंडळींना आमची नम्र विनंती आहे.

आपल्या सिनेगॉगचे दार दिवेकरांच्या त्या दारासारखे सर्वांसाठी सदैव उघडे राहो, हीच परमेश्वरापाशी प्रार्थना. आमेन.