शालेय निबंधाचा साचा : उपयोग आणि मर्यादा

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 1879 साली सरकारी नोकरी सोडली, तेव्हा ते रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. त्यांची ‘निबंधमाला’ 1874 पासून निघत होती व 84 अंकांनंतर ती थांबली. मराठी निबंधास प्रतिष्ठा मिळवून देणारा हा लेखक त्या काळातील बरीच वर्षे शाळामास्तर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो : शाळेत ‘निबंध’ या नावाने जे शिकविले जाते, त्याचे या निबंधाशी नाते कोणते?

शालेय निबंधाची घडण सर्वपरिचित आहे. प्रस्तावना, विषयविस्तार व समारोप ही त्याची तीन पदे. आरंभी एखादे सुभाषित, मध्ये तीन-चार मुद्दे, अखेरीस बोध. ‘विज्ञान : शाप की वरदान’ असा विषय आला की अर्धा मजकूर शापाचा, अर्धा वरदानाचा, आणि शेवटी ‘सारे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ हा निष्कर्ष. तो विद्यार्थ्यास लेखनापूर्वीच ठाऊक असतो.

या साच्याचे मूळ एका ठिकाणी नाही. भाषणाचे ठराविक भाग पाडण्याची रीत ग्रीक-रोमन वक्तृत्वशास्त्रातून युरोपीय शाळांत आली. परिच्छेदरचनेचे नियम ॲलेक्झांडर बेन या स्कॉटिश पंडिताने 1866 च्या आपल्या ग्रंथात मांडले. इकडे ‘निबंध’ हा शब्द मात्र जुना. ‘नि’ आणि ‘बंध्’ यांपासून झालेल्या या शब्दाचा मूळ भाव घट्ट बांधण्याचा आहे. हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ किंवा कमलाकरभट्टाचा 1612 मधील ‘निर्णयसिंधु’ हे धर्मनिबंध म्हणजे विखुरलेल्या वचनांची विषयवार बांधणीच होय. उलट, माँतेन याने 1580 मध्ये आपल्या लेखनास जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘प्रयत्न’ किंवा ‘पारख’ असा होतो. ‘प्रयत्न’ म्हणून जन्मलेल्या वाङ्मयप्रकारास मराठीने ‘बंधन’ सुचविणारे नाव दिले; आणि शाळेने त्यातील बंधन तेवढे उचलले.

तथापि साच्याची सरसकट निंदा करणे न्याय्य होणार नाही. मोडी पत्रव्यवहारात मायना ठरलेला असे. वडिलांस, धन्यास, बरोबरीच्यास कसे लिहावे, कुशलवृत्त कोठे यावे, विनंती कोठे, हे निश्चित असल्यामुळे नवशिक्या कारकुनाचे चित्त मजकुरावर राही. नारदीय कीर्तनातही पूर्वरंग व उत्तररंग यांची चौकट ठाम असते. पण तिच्यामुळे चांगला हरिदास अडला असे नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात या मुद्द्यास विशेष महत्त्व आहे. येथील पुष्कळ मुले घरी संगमेश्वरीसारखी बोली बोलतात. प्रमाण मराठी त्यांस शाळेतच भेटते. ज्या घरात वर्तमानपत्रे व पुस्तके आहेत, तेथील मुलाच्या कानावर लेखी भाषेची वळणे न शिकविताही पडतात. इतरांस ती कोणी उघड करून दाखवावी लागतात. आरंभ कसा करावा, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसे जावे, हे स्पष्ट सांगणे म्हणजे दार उघडणे होय. साचा काढून टाकून ‘मनाला येईल ते लिहा’ म्हणणे हे उदार दिसते. पण त्याचा लाभ ज्याच्यापाशी आधीच भाषा आहे त्यालाच मिळतो.

दोष आहे तो साचा असण्यात नाही, तर कोणता साचा निवडला यात आहे. मीमांसकांच्या अधिकरणाचीही पाच अंगे ठरलेली आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत आणि संगती. तोही साचाच, परंतु त्यात संशयाला स्वतंत्र जागा आहे, आणि प्रतिपक्षाचे म्हणणे मांडल्यावाचून सिद्धांताकडे जाता येत नाही. शालेय त्रिपदीत ही दोन्ही स्थाने गळाली. तिच्यात मुद्दे एकापुढे एक मांडले जातात. ते एकमेकांशी झगडत नाहीत. त्यामुळे विद्यार्थी मांडणी शिकतो, विचार शिकतोच असे नाही.

‘निबंधमाले’तील निबंध या त्रिपदीत बसत नाहीत. डॉक्टर जॉन्सनवरील निबंधासारखे लेखन अनेक अंकांतून चालले. विषयांतरे झाली, प्रतिपक्षाशी वाद झाले. मात्र चौकट मोडल्याने विचार न्याय्य होतो, असेही मानू नये. लोकहितवादी व जोतीराव फुले यांच्यावरील शास्त्रीबुवांच्या टीकेत पूर्वपक्ष नीट मांडण्यापेक्षा त्याचा उपहास करण्याकडेच कल दिसतो. पूर्वपक्षाचे स्थान नुसते असून भागत नाही. तेथे प्रामाणिकपणाही लागतो, आणि तो कोणताही साचा पुरवू शकत नाही.

हा प्रश्न केवळ शाळेचा नाही. पदव्युत्तर वर्गातील कित्येक लेखांतही प्रस्तावना, मुद्दे व समारोप हीच त्रिपदी मोठ्या अक्षरांत आढळते. शाळेने पहिली काही वर्षे हा साचा अवश्य शिकवावा. पुढील वर्गांत त्यात संशय व पूर्वपक्ष यांची भर घालावी. आणि विद्यापीठात ‘या विषयाला कोणती बांधणी हवी?’ हा प्रश्न विद्यार्थ्यावर सोपवावा. मायना पाठ असणे उपयोगाचे खरे, परंतु केवळ मायन्याचे पत्र कोणी कोणास धाडीत नाही.