कोळसा, कस्टर्ड आणि महापौर

खोल श्वास घेऊ नका. १९६३ सालची लंडनची हवा तेवढ्या लायकीची नाही. घराघरांत कोळसा जळतोय, आणि त्याचा गंधकी वास तुमच्या लोकरी ओव्हरकोटात शिरून तिथेच मुक्काम ठोकतोय. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर झाडून सगळे सिगारेट ओढताहेत. खाली जागा होती, पण तुम्ही कमर्शियल आर्टिस्ट. वरून भिंतींवरची पोस्टरं नीट दिसतात, म्हणजे दुसऱ्याने काय चोरलंय ते कळतं.

फ्लीट स्ट्रीटला उतरा. फुटपाथ पायाखाली थरथरतोय ना? तळघरात संध्याकाळच्या वर्तमानपत्राची छपाई सुरू आहे. शाईचा तेलकट दर्प, पावाच्या दुकानातली गरम वाफ आणि पबच्या दारातून येणारा शिळ्या बिअरचा वास एकत्र हुंगत तीन जिने चढा.

वर स्टुडिओत रबर सोल्यूशनचा वास थेट कपाळात जातो. एअरब्रश फुसफुसतोय. एक गृहस्थ सकाळपासून एकाच टायरच्या खाचा रंगवताहेत, त्यांच्याशी बोलू नका. सगळ्यांची रंगाच्या पाण्याची भांडी धुणं आणि सगळ्यांना चहा देणं ही कामं सर्वांत धाकट्या पोराकडे आहेत. दोन्हींची भांडी वेगळी असावीत अशी प्रार्थना करून पहिला घोट घ्या.

आज तुम्हाला बाहेरचं काम आहे: मुलांच्या पुस्तकासाठी खाणकामगाराचं चित्र. पेन्सिली, वही घ्या आणि व्हिक्टोरिया स्टेशनवरून केंटची गाडी पकडा. स्नोडाउनची खाण गाठायची आहे.

दारातच खिसे उलटे करून दाखवावे लागतात. काडेपेटी, सिगारेट, सगळं बाहेर. कमरेला बॅटरी, डोक्यावर दिवा, हातात नंबराचा पितळी बिल्ला. मग पिंजरा सुटतो. पोट वर राहतं, तुम्ही खाली जाता. कानांना दडे बसतात. सुमारे ३,००० फूट खाली पिंजरा थांबतो आणि उकाडा अंगावर येतो. वर लोकांनी मफलर गुंडाळलेत, इथे मात्र घाम भुवयांवरून थेट कागदावर ठिबकतोय. कागद लिबलिबीत झालाय, पेन्सिल उमटेना. पट्ट्यावरून कोळशाचा खडखडाट चालू आहे, दातांखाली धूळ कचकचतेय, कुणीतरी तंबाखू चघळून पचकन थुंकतो. पेटवायची बंदी आहे, चघळायची नाही!

आणि मग तुमची खरी पंचाईत होते. दिव्याच्या उजेडात पुढे दिसणारे हे धिप्पाड गडी कपडे न घालताच काम करताहेत. केंटमधली ही सर्वांत खोल खाण, इथे उकाड्यामुळे ही रीतच आहे. त्यांना त्याचं काही नाही, लाजताय ते तुम्हीच. “माझी चांगली बाजू काढा हां,” असं एकजण ओरडतो आणि सगळा बोगदा हसतो. मुलांच्या पुस्तकात हे चालायचं नाही. मुकाट्याने पँट रंगवा. खांदे मात्र खरे काढा, गुडघ्यावरचा घट्टाही.

अशा कामात जॉन बेरीचा हात धरणारा विरळा. हॅमरस्मिथचा हा माणूस युद्धात विमानदलात होता, तिथे त्याने युद्धचित्रं काढली. एस्सो पेट्रोलच्या जाहिरातींतल्या वाघावरही त्याचा ब्रश फिरला आहे. सध्या तो लेडीबर्ड प्रकाशनाच्या मुलांसाठीच्या छोट्या पुस्तकांसाठी अग्निशामक, पोलीस, परिचारिका रंगवतोय. डाव्या पानावर मजकूर, उजवीकडे पानभर चित्र, पुस्तक ५६ पानांचं, किंमत अडीच शिलिंग. तुमच्यापैकी काहींनी शाळेच्या लायब्ररीत ती हाताळलीही असतील. पुढे राजकुमारी डायना आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांची व्यक्तिचित्रंही त्याच्याच हातून उतरणार आहेत. मला विचाराल तर त्याच्या परिचारिकेच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता आहे, ती पैसे मोजून बसलेल्या बड्या माणसांत सहसा सापडत नाही. नर्स कामात असते, तिला पोज द्यायला सवड कुठली?

पटत नसेल तर शनिवारी सकाळी स्वतःच पाहा. उत्तरेकडच्या खिडकीखाली तुमचं ईझल उभं आहे, खोलीत टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाचा वास आहे, आणि समोर एका छोट्या नगराचे महापौर फरच्या काठाचा झगा नि सोन्याची साखळी घालून बसलेत. रॉकेलच्या स्टोव्हने त्यांची उजवी बाजू भाजतेय, डावी गारठलीय. पंधरा मिनिटांत ते पेंगतात. हनुवटी छातीवर टेकली की एकीच्या तीन होतात. जागे झाल्यावर उठून कॅनव्हासपुढे उभे राहतात, बराच वेळ बघतात आणि विचारतात, “साखळी थोडी मोठी करता येईल का?”

करा. भाडं द्यायचंय. नखांत अजून कोळसा आहे, तो साहेबांच्या नजरेस पडू देऊ नका. सोमवारी स्टुडिओत कस्टर्डच्या डब्याचं काम वाट बघतंय, आणि क्लायंटने आधीच कळवलंय की वाफ खरी वाटली पाहिजे, पण लेबल झाकता कामा नये.