हौशी सायकलवाल्या आणि त्यांचे क्लब

आज आम्ही तुम्हाला सायकलचा इतिहास सांगणार आहोत. पण तो कारखान्यांचा नाही आणि शर्यती जिंकणाऱ्यांचाही नाही. रविवारची सुट्टी आहे, हवा बरी आहे, चला चौघं मिळून सायकलवर पुढच्या गावाला जाऊन येऊ, असं म्हणणाऱ्या हौशी माणसांचा हा इतिहास आहे. बाईची हौस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साडी, बांगड्या, डोहाळेजेवण येतं. सायकल ही पण हौस असू शकते, आणि त्या हौसेपायी प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, हे आज ऐकूया.

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. १८७० च्या सुमाराची सायकल आजच्यासारखी नव्हती. पुढचं चाक छातीपर्यंत उंच आणि मागचं परातीएवढं. वर चढून बसायचं आणि खड्डा आला की डोक्यावर पडायचं. घोळदार झगे घालणाऱ्या बायकांना तर ती जमण्यासारखीच नव्हती. त्या तीन चाकांची सायकल चालवायच्या. मग १८८५ मध्ये कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी सारख्या चाकांची, साखळीची सायकल आणली. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. ते गुरांचे डॉक्टर होते आणि आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी त्यांनी तो टायर बनवला होता. या दोन गोष्टींनी सायकल सोपी झाली, बसायला मऊ झाली, आणि बाया तिच्यावर बसल्या.

पण नुसती सायकल असून भागत नाही. रस्ता कुठे खराब आहे, रात्री मुक्काम कुठे करायचा, चाक मोडलं तर कोणाकडे जायचं, हे एकट्याला कळत नाही. म्हणून १८७८ मध्ये हॅरोगेट या गावी हौशी सायकलस्वारांनी एक क्लब काढला. पुढे त्याचं नाव सायकलिस्ट्स टूरिंग क्लब पडलं. त्याचं काम ऐकलं की आम्हाला आपले बचत गट आठवतात. सभासदांनी वर्गणी भरायची. गावोगाव क्लबचा एक माणूस नेमलेला, तो पाहुण्या सायकलस्वाराला रस्त्यांची माहिती देणार. क्लबने हॉटेलांशी बोलून सभासदांसाठी दर ठरवले. अशा हॉटेलवर पंख असलेल्या चाकाची पाटी लावलेली असे. ती दिसली की समजायचं, इथे आपल्याला जेवण आणि बिछाना मिळेल. उताराच्या रस्त्यावर धोक्याच्या पाट्याही हौशी क्लबांनीच लावल्या. क्लबचा गणवेशही होता. आधी तो गडद हिरवा होता. पण त्यावर कच्च्या रस्त्याची धूळ फार दिसायची, म्हणून राखाडी केला. कपडे धुणाऱ्या हातांना यातली अक्कल लगेच कळेल!

त्या वेळी घोडागाडीवाले आणि पोलीस सायकलवाल्यांना त्रास देत. सायकल ही गाडी आहे का नाही, हाच प्रश्न होता. १८८८ च्या कायद्याने तिला गाडी मानलं आणि रस्त्यावरचा तिचा हक्क पक्का झाला. सायकलवाले एकेकटे असते तर हे कोणी ऐकून घेतलं असतं? ते संघटित होते म्हणून त्यांचं म्हणणं वरपर्यंत गेलं.

या क्लबने १८८० पासून बायकांना सभासद करून घेतलं. बायकांना मतदानाचा हक्क नव्हता त्या काळातली ही गोष्ट आहे. वहीत नाव लागलं, वर्गणी भरली. पण रस्त्यावर आल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला, कपड्यांचा. लांब झगा साखळीत अडकायचा, चाकात गुंतायचा. म्हणून काही बायकांनी गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार घालायला सुरुवात केली. तिला त्या ‘शहाणपणाचा पोशाख’ म्हणत. लेडी हार्बर्टन या बाईंनी १८८१ मध्ये या पोशाखासाठी मंडळच काढलं होतं. बाईच्या आतल्या कपड्यांचं वजन ७ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ३ किलोंपेक्षा जास्त नसावं, अशी त्या मंडळाची मागणी होती. विचार करा, आधी किती वजन अंगावर असेल!

१८९३ मध्ये टेसी रेनॉल्ड्स नावाची १६ वर्षांची मुलगी विजार घालून ब्रायटनहून लंडनला जाऊन परत आली. १७५ किलोमीटरहून जास्त अंतर तिने साधारण साडेआठ तासांत कापलं. वर्तमानपत्रांत ती किती दमली यापेक्षा तिने काय घातलं होतं याचीच चर्चा जास्त झाली. सायकल चालवून बायकांचा चेहरा कायमचा ओढल्यासारखा होतो, असंही तेव्हा छापून येत असे. सायकलवाल्यांमध्येसुद्धा एकमत नव्हतं. बाईने सायकल चालवावी, पण झगा घालून, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यात बायकाही होत्या.

आता कोर्टाची गोष्ट. ऑक्टोबर १८९८. लेडी हार्बर्टन सायकलवरून ऑकम गावच्या होबॉय हॉटेलात जेवायला थांबल्या. अंगावर तीच विजार. हॉटेलच्या मालकीणबाईंनी त्यांना कॉफीच्या चांगल्या खोलीत बसू दिलं नाही. दारू पिणारे बसत त्या खोलीत बसा म्हणाल्या. हार्बर्टनबाई तिथे जेवल्या नाहीत. वाटसरूला जेवण नाकारता येत नाही, असा तिथला कायदा होता. क्लबने हे आपल्या सभासदाचं प्रकरण मानलं आणि हॉटेलच्या मालकिणीवर खटला भरला. एप्रिल १८९९ मध्ये निकाल लागला आणि क्लब हरला. जेवण नाकारलं नव्हतं, फक्त दुसरी खोली दाखवली होती, असं मालकिणीच्या बाजूने मांडलं गेलं. पंचांनी ते मान्य केलं.

हा निकाल ऐकून मन खट्टू होतं. एका बाईला बाहेर बसवणारी बाईच होती. आणि ‘तुम्हाला नाही म्हणत नाही, फक्त तिकडे बसा’ हे वाक्य आपल्याला का नवीन आहे? पण दुसरी बाजूही बघा. क्लबमध्ये तेव्हा ६०,००० च्या वर सभासद होते आणि त्यांत विजारीला नाकं मुरडणारेही होते. तरी एका बाईच्या कपड्यांसाठी क्लबने वकील दिला. आपलं मत वेगळं असलं तरी आपल्या सभासदाच्या मागे उभं राहायचं, हे आम्हाला त्या हरलेल्या खटल्यात मोलाचं वाटतं.

सगळेच क्लब असे वागले नाहीत. अमेरिकेत १८८० मध्ये लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन ही हौशी सायकलस्वारांची मोठी संघटना सुरू झाली. चांगले रस्ते व्हावेत म्हणून तिने फार काम केलं. पण १८९४ मध्ये याच संघटनेने नियम केला की सभासद फक्त गोरे असतील. बॉस्टनकडे किटी नॉक्स नावाची तरुणी होती. वडील काळे, आई गोरी. ती शिलाईकाम करून पोट भरायची आणि सायकलचे कपडे स्वतः शिवायची. १८९५ मध्ये एका मेळाव्यात तिच्या पोशाखाला बक्षीसही मिळालं. त्याच उन्हाळ्यात ती ॲस्बरी पार्कला संघटनेच्या वार्षिक मेळाव्याला गेली. ती आल्यावरून मोठा वाद पेटला. पण तिने १८९३ मध्येच, म्हणजे नियम होण्याआधी नाव नोंदवलं होतं. तिच्याकडे सभासदाचं कार्ड होतं. ती सभासद आहे, हे संघटनेला मान्य करावं लागलं. १९०० साली, वयाच्या २६ व्या वर्षी किटी वारली. तो गोऱ्यांचा नियम चुकीचा होता, हे संघटनेने उघडपणे सांगायला १९९९ साल उजाडलं. रस्ता सगळ्यांसाठी मागायचा आणि क्लबचं दार काहींनाच उघडायचं, असंही माणसं करतात. म्हणून गटाची नियमावली नीट वाचायची असते.

कोणी म्हणेल, हे गोऱ्या मडमांचं झालं. आपल्याकडे काय? आपल्या आज्या-पणज्या नऊवारीचा कासोटा घालून भात लावत होत्या, विहिरीत उतरत होत्या. ज्या दोन पाय मोकळे ठेवणाऱ्या कपड्यासाठी इंग्रज बाया भांडल्या, तो आपल्या अंगावर आधीपासून होता. तरी सायकल आज्यांच्या हाती आली नाही. म्हणजे अडत होतं ते कापडात नव्हतं. बाईने एकटीने, स्वतःच्या वेगाने, विचारल्याशिवाय कुठेतरी जावं का, हा खरा प्रश्न होता.

त्याचं उत्तर तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यातल्या बायांनी दिलं. १९९१ मध्ये तिथे साक्षरतेची चळवळ जोरात होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी वाचण्या-लिहिण्याबरोबर सायकल शिकणंही त्यात घेतलं. बायांना सायकलसाठी कर्ज द्यायला बँकांना राजी केलं. शेतमजूर बाया, दगडखाणीत काम करणाऱ्या बाया, अंगणवाडी ताई, सगळ्या शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी यावर लिहिलं आहे. त्यांच्या लेखनानुसार १ लाखाहून जास्त बाया सायकल चालवू लागल्या. सुरुवातीला घाणेरडे टोमणे ऐकावे लागले. पण एक-दोघींना टोमणे मारणं सोपं असतं, शेकडो जणी घंटा वाजवत निघाल्या की टोमणे मारणारा दमतो. बायकांच्या सायकली कमी पडल्या, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या. पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं, हा त्यांना फायदाच वाटला!

आता आपल्या गावाकडे या. मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. फार चांगली गोष्ट आहे. पण बारावी झाली, लग्न ठरलं की ती सायकल कोणाकडे जाते? आम्ही गावोगाव गटांच्या बैठकांना जातो, तेव्हा बहुतेक ती भावाकडे किंवा दुधाच्या किटल्यांसाठी गेलेली दिसते. शाळेसाठी सायकल चालते, पण बाजारासाठी, बँकेसाठी, मैत्रिणीकडे जाण्यासाठी, किंवा नुसत्या हौसेसाठी चालत नाही. ‘आता काय शोभतं का?’ हे वाक्य १८९८ मध्येही होतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच आहे. पुढच्या मासिक बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं काढा. कोणाच्या घरी सायकल आहे, कोणाला येते, कोणाला शिकायची आहे, हे वहीत लिहा. एका रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर जमा. ज्यांना येते त्यांनी मागून कॅरियर धरायचा, ज्यांना येत नाही त्यांनी पुढे बघायचं. साडी असो, पंजाबी असो, ज्याला जे जमेल ते घालू द्या. सून आली तर सासूने नाक मुरडू नये, आणि सासू आली तर सुनेने हसू नये. आणि यादीत गावातल्या प्रत्येक वस्तीतली बाई असू द्या. एकही वस्ती राहिली असेल तर आधी तिथे निरोप पाठवा, मग मैदानावर चला.

पुन्हा भेटू. नमस्कार.