बोट ओढायची कशानं?

परवा शनिवारी भुसावळहून मावसभावाचा फोन. "दादा, मंडळाची मीटिंग झाली, बोट घ्यायचं ठरलंय. फायबरची, चार-पाच माणसांची. मुंबईहून आणायची. आपल्या अल्टोला हुक लावून ओढता येईल ना? पिकअप भारी आहे भो गाडीचा!"

मंडळ गणपतीचं. हतनूरचे ४१ दरवाजे उघडायला लागले की तापी काय रूप घेते हे तिकडच्या माणसाला सांगायला नको, आणि विसर्जनही त्याच दिवसांत येतं. तेव्हा काठावर बोट हवी हे पटलं. पण अल्टो? आपण सॉफ्टवेअरवाले, उत्तर येत नसलं की आधी कुणी कधी केलंय का ते शोधतो. रविवार त्यातच गेला.

शोध जाऊन थांबला जीपवर. १९४१ पासून अमेरिकन सैन्यासाठी बनलेल्या विलीज जीपचं इंजिन ६० अश्वशक्तीचं, वजन साधारण ११०० किलो. तिच्यामागे जोडायला एक छोटा ट्रेलर होता. रिकामा अडीचशे किलो आणि भार पाव टन, म्हणजे भरल्यावर पाचशेच्या आत-बाहेर. जीपच्या निम्म्याहून कमी! इंजिनाला त्याहून जास्त ओढणं जड नव्हतं. पण चालत्या गाडीला मदत करतील असे ब्रेक ट्रेलरला नव्हते, होता तो फक्त उभं राहण्यापुरता हँडब्रेक. म्हणजे मागचं वजन थांबवायचं ते जीपनंच.

गंमत म्हणजे या ट्रेलरचा डबा पाणीबंद होता, नदीत तरंगायचा. मग कुणाला तरी वाटलं, जीपच तरंगवू या की! १९४२ मध्ये फोर्डनं जीपीए नावाची पोहणारी जीप काढली. इंजिन तेच, वजन मात्र जवळपास दीडपट, आणि पाण्यात ती इतकी खाली बसायची की जरा लाट आली की पाणी आत. १९४३ मध्ये उत्पादन बंद. एकाच क्लासमध्ये सगळं कोंबलं की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गाडीनं गाडीचं काम करावं, बोटीनं बोटीचं.

आता दुसरा धडा. तो आपल्या आजोबांना अमेरिकेशिवायच ठाऊक होता. बैलगाडीत कापूस किंवा केळीचे घड मागे जास्त भरले की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं फार भरलं तर मानेवर ओझं. म्हणून गाडी भरणारा माणूस दांडी हातानं उचलून अंदाज घ्यायचा. ट्रेलरचं गणित हेच! एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकवर यावा. बोटीची मोटर नेमकी शेपटीला लटकलेली, त्यामुळे बोट चुकीची बसवली की ट्रेलर उलाळ. वेग वाढला की तो शेपूट हलवायला लागतो आणि पुढच्या गाडीलाही नाचवतो. मुंबईहून येताना कसारा चढून, चांदवड, मालेगाव मागे टाकून लळिंगच्या उतारावरून धुळ्यात उतरायचं, म्हणजे परीक्षा तिथंच.

मग कागद घेतला. बोट २०० किलो, मोटर ५०, ट्रेलर २००, पेट्रोल-दोर-जॅकेटं ५०. झाले ५००. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला नियम आहे: जास्तीत जास्त ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मे, जे कमी असेल ते. अल्टो साधारण साडेसातशे किलोची, निम्मे पावणेचारशे. नापास. मंडळाच्या अध्यक्षांची बोलेरो सोळा-सतराशेची. पास, आणि नात्यानं ती त्या जीपच्याच घराण्यातली! शिवाय तिची मागची चाकं गाडी ढकलतात आणि हुकवरचं वजन त्यांच्यावरच पडतं, त्यामुळे घाटावर बोट पाण्याबाहेर ओढताना पकड मिळते. तरी कंपनीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा आकडा पाहूनच हुक लावायचा.

भावाला रात्री फोन केला. "हायवेवर बोलेरो. हुकखाली बाथरूमचा वजनकाटा ठेवून बघ, पन्नासच्या आसपास यायला हवं. साखळी आणि मागचे दिवे हवेतच. कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच, तेव्हा त्याची वेगळी नोंदणी. आणि काठावरच्या ओल्या काळ्या मातीत बोलेरोही नको, शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर घे."

तो म्हणाला, "एवढं कशाला दादा, वाचवायलाच तर चाललोय ना?"

मग त्याला २३ मे २०२४ ची आठवण करून दिली. अकोल्याजवळ सुगावला प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचं पथक गेलं होतं. त्यांची बोट उलटली, दलाचे तीन जवान गेले. ती शिकलेली, रोज सराव करणारी माणसं. पाणी इतकं बेभरवशाचं असताना निदान रस्त्यावरचा धोका तरी आपण हातानं वाढवू नये.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अध्यक्षांशी बोलतो."

असो. बोट आली की भुसावळला जाणार आहे. वजनकाटा माझा.