‘च’ केव्हा बदलला?

सोलापूर जिल्ह्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे शके ९४०चा, म्हणजे इ. स. १०१८चा शिलालेख आहे. वाचणाऱ्यास विजय चिंतणारी त्याची ओळ मराठीत आहे. लेखाचा शक कळला म्हणून त्या काळचे उच्चार कळतात, असे मात्र नाही.

वाचकहो, ‘चाक’ आणि ‘चिमणी’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पहिला ‘च’ दंततालव्य, दुसरा तालव्य. ‘ज’चेही तसेच. इ, ए यांच्यापूर्वी तालव्य आणि इतर स्वरांपूर्वी दंततालव्य, अशी साधारण विभागणी आहे. संस्कृतात हा भेद नाही. तेव्हा तो मध्यंतरी केव्हातरी शिरला. लिपीने दोहोंना एकच अक्षर दिल्यामुळे तो काळ झाकला गेला. कुडलच्या ‘विजेया’त ‘ज’ आहे खरा, पण त्यापुढे ‘ए’ असल्याने बदलानंतरही तो तालव्यच राहिला असता!

मग उसने शब्द तपासावेत. ‘चांदणे’ दंततालव्य, पण पंडितांनी संस्कृतातून पुन्हा आणलेला ‘चंद्र’ तालव्य. फारसीतले ‘चाकर’, ‘चाबूक’ मुळात तालव्य असून मराठीत दंततालव्य झाले. इंग्रजीतला ‘चर्च’ मात्र तालव्यच राहिला. यावरून हा बदल मुसलमानी अमदानीत झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. पाहुण्या शब्दाला भाषा आपल्या जुन्या साच्यातही बसवते. फारसी शब्द आले तेव्हा ती सवय जिवंत होती, एवढेच त्यातून निघते. ती कित्येक शतके आधीचीही असू शकेल.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्यात ‘जैसी’चा ‘ज’ रोमन ‘झेड’ने लिहिलेला आढळतो, ही साक्ष मोलाची आहे. पण पहिल्या आवृत्तीची प्रत उपलब्ध नाही. १९०७ची मंगळूरची आवृत्ती हस्तलिखितांवरून सिद्ध झाली, त्यामुळे नकलनविसाचा हातही ध्यानात घ्यावा लागतो.

युरोपातील जर्मानिक भाषांचीही हीच अडचण आहे. ‘पितृ’मधील ‘प’च्या जागी इंग्रजी ‘फादर’मध्ये ‘फ’ का, याचा नियम याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडला. त्याच नियमाने ग्रीकांचा ‘कॅनाबिस’ इंग्रजीत ‘हेम्प’ झाला. ग्रीकांना हा शब्द इ. स. पू. पाचव्या शतकात ठाऊक होता. जर्मानिक लोकांना तो केव्हा मिळाला, यावर सारा हिशेब अडतो.

आपल्या सोलापुरातील तेलुगू विणकर ‘चालु’, म्हणजे ‘पुरे’, म्हणताना दंततालव्य ‘च’ उच्चारतात आणि ‘चेट्टु’, म्हणजे ‘झाड’, म्हणताना तालव्य. शेजारच्या दोन भाषांत एकच विभागणी आहे. ती प्रथम कोणाकडे होती, हे ठरल्याशिवाय मराठीतील काळही ठरणार नाही.