कॉम्स्टॉकची रुपेरी शीर

रुपें जमिनींत वाटेल तेथें सांपडत नाहीं. तें वर येण्यास वाट लागते, आणि ही वाट बहुधा खडक भंगल्यानें खुली होते. अमेरिकेंतील नेवाडा राज्यांत, डेव्हिडसन डोंगराच्या पूर्व उतारावर, कॉम्स्टॉक नांवाचा असा एक प्रस्तरभंग आहे. त्यानें वर व्हर्जिनिया सिटी हें शहर वसविलें आणि वकिलांची एक पिढी पोसली.

१८५९ सालीं तेथें सोनें धुणाऱ्या खाणकऱ्यांना एका निळसर चिखलाचा फार त्रास होई. तो ते शिव्या मोजीत फेंकून देत. शेवटीं तो पारखून घेतला, तेव्हां त्यांत सोन्याहून रुप्याचाच ऐवज अधिक निघाला!

ह्या ऐवजाची पूर्वपीठिका फार जुनी. सुमारे एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वीं, ज्वालामुखींच्या त्या प्रदेशांत भूकवच ताणलें जाऊन फाटलें व भेगेच्या पूर्वेकडील खडक तिच्या उतारावरून खालीं घसरला. भेगेच्या भिंती वांकड्यातिकड्या. त्यामुळें घसरतांना त्या कोठें घट्ट मिटल्या, तर कोठें त्यांच्यामध्यें पोकळी राहिली. खालून चढणाऱ्या ऊन पाण्यानें आपल्यांत विरघळलेलें रुपें गारगोटीसह ह्या पोकळ्यांतच सोडलें. घसरण पुन्हां पुन्हां होत राहिल्यानें कित्येक ठिकाणीं त्या गारगोटीचा साखरेसारखा भुगा झाला. म्हणून कॉम्स्टॉकचें रुपें सलग नव्हे, तर डबोल्यांनीं सांपडलें. एका खाणीचा मालक लक्षाधीश होई आणि शेजारच्या खाणीचे भागीदार भिकेस लागत.

भंगाचा हा आकार कळण्यापूर्वींच त्यावरून खटले उभे राहिले. तिकडील रिवाजाप्रमाणें शिरेचा माथा ज्याच्या हातीं, त्याला ती शीर शेजाऱ्याच्या हद्दीखालींहि खणीत नेतां येई. पृष्ठभागाजवळ तर शिरा अनेक दिसत, आणि त्या पश्चिमेकडे कललेल्या! शीर एक कीं अनेक, ह्या वादांत पैसा पाण्यासारखा गेला. खाणी खोल गेल्या तशा वरच्या शिरा पूर्वेकडे उतरणाऱ्या एकाच मुख्य शिरेला मिळालेल्या दिसल्या, व एकशीरवाद्यांची सरशी झाली. खरा निकाल न्यायाधीशांपेक्षां पहारीनेंच दिला म्हणावयाचा.

१८६५ सालीं जर्मन भूशास्त्रज्ञ रिख्तहोफेन ह्यांनीं पाहणी करून ही शीर खूप खोलवर जात असल्याचें मत दिलें. १८७३ सालीं सुमारे १,२०० फूट खोलीवर सर्वांत मोठें डबोलें लागलें. ह्याच सुमारास जर्मनीनें रुपें सोडून सुवर्णचलन स्वीकारलें. रुप्याचा भाव घसरत गेला. ती झळ हिंदुस्थानच्या रुपयापर्यंत पोंचून १८९३ सालीं येथील टांकसाळी लोकांच्या रुप्याचीं नाणीं पाडून देईनाशा झाल्या.

तिकडे खाणींत खोलीबरोबर उष्णताहि वाढली. ऊन पाण्यानें कामगार भाजून निघत. तें पाणी काढून देण्यासाठीं अॅडॉल्फ सुट्रो ह्यानें १८६९ सालीं सुमारे चार मैलांचा बोगदा आरंभिला. तो १८७८ सालीं खाणींना येऊन मिळाला. तोंवर तें मोठें डबोलें बहुतेक उपसून झालें होतें.